विहिरीवरची चौथी बाई

ता. ४ नोव्हेंबर १९३८, शुक्रवार
संध्याकाळचा खेळ पाहिला. तलवारीचे चित्र. नाव विसरलो. नावे माझ्या लक्षात राहत नाहीत, गोष्ट राहते. ह्यात गोष्टही नव्हती. राजपुत्र तीन वेळा किल्ल्यावरून उडी मारतो, एकदाही फेटा पडत नाही. दुष्ट प्रधान मरायला इतका वेळ लावतो की पुढच्या जाजमावरून कोणी ओरडले, "मर ना भो, माले गाडी धरनी शे." सगळा पिट हसला. मीही. तेवढेच.
थिएटर म्हणजे जुन्या जिनिंगचे पत्र्याचे शेड. आवाज पत्र्यात घुमतो, निम्मे बोलणे कळत नाही. उस्मानभाई मशीन चालवतो, तो म्हणतो दोष पत्र्याचा. चित्रांच्या पेट्या रेल्वेने येतात आणि पार्सल ऑफिसात माझ्या हातून जातात, म्हणून तो मला मागच्या बाकावर बसवतो.
घरी सौ.ने विचारले, कसं होतं. वेळ गेला, म्हटले. मायने काही विचारले नाही. ती हल्ली कोणाला काही विचारत नाही.

ता. ११ नोव्हें., शुक्र.
देवाचे चित्र. बायकांची झुंबड. बऱ्याच जणी वहाणा बाहेर काढून आत आल्या. देव ठीक. भक्त मात्र पहिल्या रिळापासून रडतो, त्यामुळे खरे संकट येते तेव्हा त्याच्याजवळ नवीन काही उरत नाही. पुराच्या देखाव्यात देऊळ लाकडी खोक्यासारखे तरंगत गेले. हसणार होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने हात जोडले होते, डोळे गळत होते. हसलो नाही.
ऑफिसात सरकीची पोती, कापसाच्या गाठी. फलाटावर पाय ठेवायला जागा नाही.

ता. १३ नोव्हें., रवि.
आज कमळीचे श्राद्ध. तिसरे. आण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, पिंड दिले. मी पाटावर बसून जेवलो.
ही वही कोणाला दाखवायची नाही म्हणून लिहितो. माझी बहीण मेलेली नाही. निदान आमच्यापैकी कोणी तिला मेलेली पाहिलेली नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला. चार वर्षे घरात होती, शिवणाच्या मशीनवर आण्णाच्या दुकानाची निम्मी कामे तीच करी. मग मामाकडे कळसाडीला कापूस वेचणीच्या दिवसांत गेली आणि एका सकाळी तिथून निघून गेली. दोन महिन्यांनी कार्ड आले. मी बरी आहे. शोधू नये. आण्णाने ते चुलीत घातले आणि लोकांना सांगितले, कळसाडीला तापाने गेली. दहावा, तेरावा, सगळे झाले. मामा गप्प. मी गप्प. माय त्या दिवसापासून गप्प.
पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली नाही.

ता. १८ नोव्हें., शुक्र.
आज सामाजिक चित्र. मराठी. नाव मुद्दामच लिहीत नाही. शहरात शिकून मोठा झालेला मुलगा बारा वर्षांनी गावी येतो, आईबाप राहिलेले नाहीत, मग पश्चात्ताप, मग मास्तरची मुलगी. पहिले अर्धे बरे जमले आहे. मुलगा झालेला नट बोलतो छान, पण चालतो असा की कोणी मागून ढकलते आहे. गाणी फार.
तो गावात शिरतो तेव्हा विहिरीवर सहा बायका पाणी भरत असतात. तो आपल्या घराची चौकशी करतो. डावीकडून चौथी बाई ओल्या हाताच्या मनगटाने पदर मागे सारते आणि म्हणते, "त्या घरात आता कोणी राहत नाही." घागर उचलते आणि निघून जाते. परत चित्रात कुठे नाही.
ती कमळी होती.
मध्यंतरात बाहेर आलो. पानाच्या टपरीजवळ उभा राहिलो. पुन्हा आत गेलो, पण पुढचे काय पाहिले सांगता येणार नाही.

ता. १९ नोव्हें., शनि.
पुन्हा गेलो. उस्मानभाई म्हणाला, "बाबू, फिरसे? इतना पसंद आया?" हो म्हटले.
ह्या वेळी मी फक्त विहिरीची वाट पाहत होतो. वाळली आहे. गालफडे दिसतात. पण पदर तसाच, मनगटाने. आमच्या घरात सगळे 'कोनी' म्हणतात. 'कोणी' म्हणायला तिला मीच शिकवले, माझ्या शाळेच्या पुस्तकावरून. ती तो ण जरा जास्तच ठासून म्हणायची. चित्रातही तसाच ठासला आहे. बाकीच्या पाच जणी गप्प आहेत, ते एक वाक्य तिलाच दिले आहे. कोणीतरी तिला निवडले म्हणजे.
हे लिहिताना बरे वाटले. त्याची लाजही वाटली.

ता. २० नोव्हें., रवि.
सौ.ला सांगितले. तिने उठून दार लोटले. मग म्हणाली, "मायले सांगा. दुसरा कोनले नका सांगू."
माय डाळ निवडत होती. मी शेजारी बसून सगळे सांगितले. तिने खडा काढला, बाजूला ठेवला. म्हणाली, "मरेल मानूस कसं दिसी?"
मी उठलो. दुपारी पाणी प्यायला आत गेलो तर तिने मान वर न करता विचारले, "कव्हय शे तो खेळ?"
अडचण अशी की आज शेवटचा खेळ. उद्या सकाळच्या गाडीने पेटी पुढच्या गावी जाणार. आणि आज आण्णा शेजारी आपल्या घरातच आहे. मंगळवारी बाजार, त्या दिवशी तो दुकानातून हलत नाही. मंगळवारी दुपारीच माय बाहेर पडू शकते.

ता. २१ नोव्हें., सोम.
पेटी आली. मी म्हटले, गाडीत जागा नाही, गाठी भरल्या आहेत, बुधवारी पाठवू. हमालाला ठाऊक होते की जागा आहे. तो माझ्याकडे बघत राहिला, मी पावती पुस्तकात डोके घातले.
उस्मानभाईला बाजूला घेतले. खरे सांगितले नाही. म्हटले, माय म्हातारी आहे, एकदा हे चित्र दाखवायचे आहे. तो म्हणाला, "नवीन पेटी गुरुवारला येईल. बाजारना दिवस रिकामा कसाले ठेवू? हाईच लगाडी देऊ." एवढेच. पेटी पुन्हा शेडमध्ये गेली.
एकोणीस वर्षे नोकरी झाली. असे कधी केले नव्हते.

ता. २२ नोव्हें., मंगळ.
दुपारचा खेळ. बाजारकरी लोक, तंबाखू, घाम. अक्कलकुव्याकडून आलेले डोंगरातले काही भिल्ल प्रथमच बोलपट पाहत होते. ते मशीनकडेच वळून बघत होते, पडद्याकडे नाही.
माय आणि सौ. मधे लावलेल्या चादरीआड, बायकांच्या बाजूला. मी पुरुषांत. मायचे तोंड मला दिसणार नव्हते, हे आधी सुचलेच नाही. विहीर आली. ती बोलली. घागर उचलून गेली. मी पडद्याकडे न बघता मधल्या चादरीकडे बघत होतो. चादर हलली नाही.
मध्यंतरात सौ. बाहेर आली. "मायनी मन्हं मनगट धरी ठेवं," म्हणाली. मनगटावर चार बोटे उमटली होती. माय पूर्ण चित्र संपेपर्यंत बसली.
वाटेत मी विचारले. माय म्हणाली, "ती कमळी नही. कमळीना गळा इतला बारीक नव्हता."

ता. २४ नोव्हें., गुरु.
कालच्या गाडीने पेटी गेली.
माझी चूक झाली असेल का? दोनदा पाहिले ते माझ्या मनानेच पाहिले असेल. माणसाला हवे ते दिसते. पण मग तो ण?
आज जेवताना माय सौ.ला विचारत होती, "त्या बायास्ले तठे जेवाले देतस का?" कोणत्या बायांना, हे सौ.ने विचारले नाही. देत असतील, म्हणाली.

ता. २५ नोव्हें., शुक्र.
नवे चित्र. चाबूकवाली बाई, धावती मोटार, एक शहाणा कुत्रा. लोकांना फार आवडले. कुत्र्याचे काम उत्तम, हे खरे. मी मागची गर्दी पाहत होतो. बाजारात उभी असलेली माणसे, मोटारीसमोरून पळणारी माणसे. आजवर मी ह्या माणसांकडे कधी पाहिलेच नव्हते. कोण असतात, कुठून येतात.
चित्र कंपनीला आज पत्र टाकले. विहिरीवरच्या चौथ्या बाईचे नाव कळवावे.

ता. २९ नोव्हें., मंगळ.
स्टेशनमास्तरांनी बोलावले. पुढच्या गावी गेल्या आठवड्यात सोमवारी, मंगळवारी खेळ झाले नाहीत, लोकांनी बाकडी मोडली, तक्रार वर गेली. गाडीच्या गार्डाने लिहून दिले की डब्यात जागा होती. मला लेखी खुलासा मागितला. स्टे. मा. भले गृहस्थ. म्हणाले, "अहो, काही तरी कारण लिहा. आजारी होतो म्हणा."
मी लिहिले, चूक माझी. कारण लिहिले नाही.

ता. ९ डिसेंबर, शुक्र.
विनोदी चित्र म्हणे. दोन जाडे आणि एक काडी. तासभर एकमेकांवर पडतात. शेजारचा माणूस हसून खोकत होता. माझ्या मनाचा दोष असेल. चित्राला नावे ठेवत नाही.
अजून कंपनीचे उत्तर नाही. खुलाशाचेही नाही.

ता. १४ डिसें., बुध.
कंपनीचे उत्तर. टाईप केलेले, चार ओळी. अशा बाया रोजावर येतात, त्यांची नावे कंपनी ठेवत नाही, ज्या मुकादमामार्फत आणल्या त्याचा दादरचा पत्ता देत आहोत. आजच मुकादमाला लिहिले. वर्णन दिले. डाव्या कानाची पाळी किंचित फाटलेली, शिवणकाम येते, खानदेशची. नाव लिहिताना थांबलो. तिथे ती कमळी याच नावाने असेल कशावरून?

ता. १८ डिसें., रवि.
आण्णाला कळले. कंपनीचे पाकीट पोस्टमनने दुकानात दाखवले होते, तुमच्या भावाला सिनेमाकडून पत्र म्हणून. आज घरी आला, बाकी सगळ्यांना बाहेर बसवले.
वाटले होते ओरडेल. ओरडला नाही. खाली बघून बोलत होता. "तिले पहिले सिनेमाले तूच लई गयथास. मी कधी बोलनू का तुले?"
नाही बोलला. हे खरे. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी मी तिला एकदा नेले होते, मुका चित्रपट, बाजूला बाजाची पेटी वाजत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, दादा, त्या बाईला कोणी कोपऱ्यात बस म्हणत नाही. मी हसलो होतो. मी नेल्याचे आण्णाला कोणी सांगितले असेल? तिनेच असेल.
मग म्हणाला, "विमल पंधरानी शे. शहादानी सोयरीक जमी ऱ्हायनी. फाल्गुनमा लगीन. आत्या सिनेमामा शे हाई जर त्यास्ले समजनं, तर मन्ही पोर घरमाच ऱ्हाई. आपली कमळी ऱ्हायनी तशी."
मी म्हटले, आण्णा, ती जिवंत आहे.
म्हणाला, "माले माहीत शे. मी रोज पिंड देत नही. एकच दिवस देस. बाकीना दिवस माले माहीत ऱ्हास."
त्याचे डोळे भरले होते. मी कधी पाहिले नव्हते. विमल दाराशी बसून काकाच्या सदऱ्याला बटणे लावत होती. माझ्याच सदऱ्याला.

ता. २३ डिसें., शुक्र.
सिनेमाला गेलो नाही. उस्मानभाई स्टेशनवर आला होता, म्हणाला, नवे चित्र चांगले आहे, आईला घेऊन या. मग म्हणाला, "उस दिन वो कौन थी, मैंने पूछा नहीं. नहीं पूछूंगा." त्या दुपारी त्याने माझे तोंड पाहिले असणार. मशीनच्या भोकातून त्याला सगळे दिसते.

ता. २ जानेवारी १९३९, सोम.
हुकूम आला. शिक्षा म्हणून बदली, सुरतेकडच्या वाटेवरचे लहान स्टेशन, पगारवाढ रोखली. पंधरवड्यात हजर व्हावे. जाताना मधले सहा दिवस मोकळे मिळतात. स्टे. मा. म्हणाले, नोकरी वाचली, देवाचे आभार माना.
सौ. म्हणाली, पोरास्ले तठे शाळा शे का. नाही. तिने भांडी मोजायला सुरुवात केली.

ता. ७ जाने., शनि.
मुकादमाचे पत्र. मोडीत, घाईत लिहिलेले.
अशी एक बाई आहे, लिहितो. कानाची पाळी फाटलेली. दोन वर्षे कामाला येते, शांताबाई नाव सांगते, बायकांची पोलकी शिवून देते. घरचे कोणी आहेत का म्हणून मी विचारले तेव्हा नाही म्हणाली. तुमचे पत्र तिला दाखवलेले नाही. आपण कोण, हे कळल्याशिवाय दाखवणार नाही. बाई सरळ आहे, तिला त्रास होता कामा नये. यायचे तर रविवारी यावे.
परका माणूस. आमच्यापेक्षा त्याने तिची जास्त काळजी घेतली.
चार वेळा वाचले. मग मायला वाचून दाखवले. "बाई सरळ आहे" इथे तिने हात वर केला. पुन्हा वाच. पुन्हा वाचले.
मग म्हणाली, "पोलके शिवस?"
हो.
"तिले काज चांगला जमतस नही. तू सांग तिले, दोरा दुहेरी ले."
एवढे म्हणून उठून गेली. म्हणजे तीच. पहिल्या दिवसापासून मायला माहीत होते. विमलसाठी गप्प होती की माझ्यासाठी, कोणास ठाऊक.

ता. ९ जाने., सोम.
आण्णाला सांगायला दुकानात गेलो. तो कापड बेतत होता, कात्री थांबली नाही. "लगीन व्हवू दे," म्हणाला. "दोन महिना. इतला दिवस ऱ्हायनी, अजून दोन महिना ऱ्हाई."
त्याचे चूक आहे असे मला म्हणता येत नाही. पण मुकादमाने लिहिले आहे, सध्या काम मंद आहे, काही बाया कोल्हापूरकडच्या कंपनीत जायचे बोलत आहेत. दोन महिन्यांनी ती तिथे असेल? आणि मी गेलो तर काय म्हणणार? चल, घरी चल? कोणत्या घरी? इथे तिचे श्राद्ध होते. नव्या स्टेशनात दोन खोल्या आहेत, तिथे तिला कोणी ओळखत नाही. पण लग्नाला शहाद्याची माणसे येणार, जाणार, बोलणार.
आणि ती नाही म्हणाली तर? तिच्या दृष्टीने तिने मुकादमाला दिलेले उत्तर बरोबरच आहे. घरचे कोणी नाहीत.

ता. ११ जाने., बुध.
उस्मानभाईने निरोपादाखल शेवटच्या बाकावर बसवले. चित्र चांगले होते, मनापासून सांगतो. साधे. एक पोस्टमन, एक आंधळी बाई, पत्रे. कोणी उडी मारत नाही, पूर येत नाही. शेवट मात्र गोड केला आहे, ओढून. सगळे भेटतात, आरती होते. खरे तर आधीच संपायला हवे होते. बाहेर येताना लोक म्हणत होते, शेवट मस्त. मला एकट्याला आवडला नाही.

ता. १२ जाने., गुरु.
रेल्वेचा पास भरला. कुटुंबातील माणसे बरोबर असल्यास नावे लिहावी, असा रकाना आहे. सौ. मागून मुले आणि सामान घेऊन थेट नव्या गावी येईल. मी माझे नाव लिहिले, खाली मायचे. नाते, आई. मुंबई. साहेबाची सही झाली.
मायला पास दाखवला. तिला वाचता येत नाही. कोणते नाव कुठे, बोट ठेवून दाखवले. तिने आपल्या नावावर बोट ठेवले, थोडा वेळ.
आण्णा संध्याकाळी आला, ओट्यावर बसला. मायशी घरातल्या गोष्टी बोलला, विमलच्या शालूच्या. पास कोनाड्यात समोरच होता. त्याने पाहिला की नाही, सांगता येत नाही. जाताना मला म्हणाला, "सकायले येस मी." निरोप द्यायला की अडवायला, ते बोलला नाही.

ता. १३ जाने., शुक्र. सकाळ
वळकटी बांधली. गाडीला दीड तास आहे. आण्णा अजून आला नाही.
माय उठून आंघोळ करून बसली आहे. लुगडे रोजचेच. गाठोडे बांधलेले नाही. मी दोनदा म्हटले, वेळ होतो. ऐकले तसे दाखवले नाही. चुलीपुढे बसून कळण्याच्या भाकरी थापते आहे. रोजच्याच आहेत की वाटेच्या, मी विचारलेले नाही.